गाडीचा विमा संपतोय, हे त्यांना कुणी सांगितलं?

गाडीचा विमा संपायला महिनाभर उरला की फोन सुरू होतात. पलीकडची मुलगी आधी गाडीचा नंबर सांगते, मग मॉडेल, मग विमा संपण्याची तारीख. "सर, एमएच बारा पासिंगची स्विफ्ट तुमचीच ना?" माझा नंबर कुठून मिळाला असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "सर, सिस्टीमला दिसतंय." सिस्टीममध्ये तो कुणी घातला हे बहुतेक वेळा तिलाही ठाऊक नसतं. तिच्यापुढे एक एक्सेल शीट असते आणि दिवसाला इतके कॉल झालेच पाहिजेत असं टार्गेट असतं.

अशा याद्या जमवणं आणि विकणं हा मोठा धंदा आहे. अमेरिकेत तो करणाऱ्यांना डेटा ब्रोकर म्हणतात. तिथली ॲक्झिअम ही कंपनी १९६९ साली सुरू झाली, म्हणजे घराघरांत इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडे हा धंदा विखुरलेला आहे. कर्जाची 'लीड' विकणारी पोर्टलं, विम्याचे एजंट, क्लासवाल्यांना विद्यार्थ्यांच्या याद्या पुरवणारे, बिल्डरांना फ्लॅट बघून गेलेल्यांचे नंबर देणारे. प्रत्येकाकडे आपला एखादाच तुकडा असतो आणि एकट्या तुकड्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तुकडे जोडले गेल्यावर. ही जोडणी नजरेआड राहते, म्हणून आपण भलत्याच दाराला कुलूप लावत बसतो.

गैरसमज: आपली माहिती कुणीतरी चोरलेली असते

चोऱ्या होतातच. पण बरीचशी माहिती रीतसर दिली-घेतली जाते, आणि हे करणाऱ्यांत आपलं सरकारही होतं. गाड्यांची नोंदणी 'वाहन' या सरकारी प्रणालीत असते, लायसन्सची 'सारथी'मध्ये. मार्च २०१९ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही माहिती ठोक स्वरूपात देण्याचं धोरण काढलं. व्यावसायिक संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये दर होता. त्या जुलैमध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती उपलब्ध करून दिली आहे आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. ही माहिती इतर याद्यांशी जोडून माणूस ओळखता येईल, हा धोका त्या धोरणाच्या कागदातच मान्य केलेला होता. खासगीपणाचा प्रश्न पुढे आल्यावर जून २०२० मध्ये ते मागे घेण्यात आलं. धोरण मागे घेता येतं. दिलेल्या प्रतींच्या पुढे किती प्रती निघाल्या, हे मात्र कुणी सांगायचं?

विम्याचा प्रत्येक फोन याच व्यवहारातून येतो असं नाही. शोरूम, सर्व्हिस सेंटर, गाडीचं कर्ज देणारी संस्था, मागच्या वर्षीचा एजंट, सगळ्यांकडे तोच तपशील असतो. विम्याची तुलना करून देणाऱ्या एखाद्या पोर्टलवर आपण नुसता भाव बघायला जातो. तिथे नंबर टाकल्याशिवाय भाव दिसत नाही आणि चौकटीत टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. त्या चौकटीशेजारी बारीक अक्षरात असा मजकूर असतो: कंपनी, तिच्या समूहातल्या कंपन्या आणि भागीदार माझ्याशी फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवरून संपर्क साधू शकतात, माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरीही. भागीदार कोण, किती, किती दिवसांसाठी, यातलं काहीच तिथे नसतं. एवढ्या एका टिकेवर आपला नंबर पुढच्या चार हातांत जातो आणि त्यातला प्रत्येक जण आपली परवानगी होती असं दाखवू शकतो.

बेकायदा बाजार वेगळा, आणि तोही कमी नाही. एप्रिल २०२३ मध्ये हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी एकाला अटक केली. त्याच्याकडे ६६.९ कोटी व्यक्ती आणि संस्थांची माहिती असल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. तो फरिदाबादहून वेबसाइट चालवत होता आणि क्लाउड ड्राइव्हच्या लिंक देऊन माल विकत होता. मालाची प्रतवारी बघण्यासारखी आहे: नववी ते बारावीचे विद्यार्थी, नीटचे परीक्षार्थी, डिमॅट खातेदार, क्रेडिट कार्डधारक, सरकारी कर्मचारी, संरक्षण दलातले लोक, ज्येष्ठ नागरिक. इतक्या जागची माहिती एकाच हॅकरने कुलपं फोडून आणली असेल हे पटत नाही. ती ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून, एजन्सीतून, कंत्राटदारांकडून झिरपत आलेली असते. त्याने केलेलं मुख्य काम म्हणजे ती एका जागी आणणं.

गैरसमज: फोन आपलं बोलणं ऐकतो

घरात सोफ्याचा विषय निघाला आणि तासाभरात सोफ्याची जाहिरात दिसली, हा अनुभव कुणी सांगितला नाही असं घर सापडणार नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप माइक सुरू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप वापरणाऱ्याच्या स्क्रीनची चित्रं आणि चित्रफिती तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती.

मग सोफा आला कुठून? बायकोने दुपारी तिच्या फोनवर सोफे पाहिलेले असतात. दोन्ही फोन एकाच वायफायवर आहेत, रात्री एकाच जागी असतात, महिन्यापूर्वी नव्या फ्लॅटच्या कर्जाची चौकशी झालेली आहे. एवढ्यावरून अंदाज बांधायला आपलं बोलणं ऐकावं लागत नाही. ऐकण्याच्या या समजुतीने नुकसान असं होतं की लोक माइकची परवानगी बंद करतात, निर्धास्त होतात आणि लोकेशन चोवीस तास चालू ठेवतात. टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या ॲपला आपण कुठे आहोत हे कळायची काय गरज आहे, हा प्रश्न माइकपेक्षा मोठा आहे.

गैरसमज: नाव-पत्ता काढून टाकला की माहिती निनावी होते

ही समजूत सुशिक्षितांतही पक्की आहे आणि कंपन्या तिच्यावरच टेकून असतात. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी, नावं-पत्ते काढून, संशोधकांना दिल्या. खासगीपणाला धक्का लागणार नाही अशी ग्वाही तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी २० डॉलर भरून वेल्ड राहत असलेल्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या गावात सहा जण होते, त्यांतले तीन पुरुष, आणि वेल्ड यांच्या पिनकोडात एकच. गव्हर्नरांचं दुखणं त्यांच्याच नावासकट समोर आलं. पुढे स्वीनी यांनी हिशेब मांडला की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येऊ शकतात.

आपला पिनकोड पुष्कळ मोठ्या वस्तीचा असतो, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण त्याहून पक्की खूण आपण सगळीकडे देत असतो: मोबाइल नंबर. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली. नंतर बँक, आधार, गॅस, शाळा, सगळं त्या नंबरला बांधलं गेलं, आणि आता तो बदलणं म्हणजे अर्ध्या आयुष्याची कागदपत्रं बदलणं. मेडिकलवाल्याच्या बिलावर तोच, चपलांच्या दुकानात तोच, सोसायटीच्या गेटवर तोच. जी खूण बदलता येत नाही आणि सर्वत्र सारखी असते, तिच्यावर याद्या जोडणं सर्वांत सोपं. म्हणून काउंटरवर सवयीने नंबर सांगून टाकायचा की नाही, हा किरकोळ प्रश्न नव्हे. बिलासाठी नंबराचा आग्रह धरू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलेलं आहे. नंबर द्यायला नकार दिला तरी बिल मिळालंच पाहिजे.

ठावठिकाण्याचं तर विचारूच नका. पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदींवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस कुठल्या वेळी साधारण कुठे होता याच्या फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरल्या. रात्री फोन जिथे असतो ते घर आणि दिवसा असतो ते कामाचं ठिकाण. यानंतर नावाची गरज उरत नाही.

गैरसमज: जे सार्वजनिकच आहे, ते जोडलं तर काय बिघडलं?

महाराष्ट्रात घराचा व्यवहार नोंदवला की सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, तयार होते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही शोधता येते: घेणारा, देणारा, पत्ता, क्षेत्रफळ, किंमत. अमुक नटाने वांद्र्यात इतक्या कोटींचा फ्लॅट घेतला अशा बातम्या अशाच नोंदींतून येतात. ही माहिती उघडी असण्याला सबळ कारण आहे. एकच फ्लॅट तिघांना विकला जाऊ नये, सातबारावर कुणाचं नाव आहे हे जमीन घेणाऱ्याला कळावं. मी ती बंद करा म्हणणार नाही. पण तालुक्याच्या कचेरीत जाऊन एका सर्व्हे नंबरचा शोध घेणं वेगळं, आणि लाखो नोंदी यंत्राने उचलून, नंबरांशी जोडून, 'गेल्या तीन महिन्यांत घर विकून पैसे हातात आलेले साठीच्या पुढचे लोक' अशी यादी काढणं वेगळं.

हा फरक आपल्या यंत्रणांना कळत नाही असं नाही. मतदारयादी कायद्याने सार्वजनिक असते. तरी निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ती चित्ररूपातच द्यायचं ठरवलं, म्हणजे यंत्राला मजकूर शोधता येणार नाही. काँग्रेसचे नेते कमलनाथ यांनी शोधता येईल अशी यादी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती मागणी फेटाळली. यावर दुसरी बाजूही आहे. दुबार नावं शोधायची तर यादी यंत्राला वाचता आली पाहिजे, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा उडवून लावता येत नाही. आणि चित्रातली अक्षरं वाचणारी साधनं आता कुणाच्याही फोनमध्ये आहेत.

म्हणून मला नव्या डेटा संरक्षण कायद्यातली एक तरतूद फार खटकते. माणसाने स्वतः उघड केलेली किंवा कायद्याने उघड करावी लागलेली माहिती या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. ती उचलून विकणाऱ्याला हा कायदा लागू करणं त्यामुळे अवघड होऊन बसतं.

गैरसमज: माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही

लपवण्याचा संबंधच नाही. याद्या बनतात त्या माणसं गटांत टाकायला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये नऊ डेटा ब्रोकरांच्या तपासणीचा अहवाल काढला, त्यात 'रूरल एव्हरलास्टिंग' नावाचा गट सापडला: वय ६६ च्या पुढे, शिक्षण कमी, पुंजी तुटपुंजी. असा गट कुणाला हवा असतो, याचं एक उत्तर २०२१ च्या जानेवारीत मिळालं. एप्सिलॉन या मोठ्या डेटा कंपनीने न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत १५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती तिने टपालाने फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना विकली होती. लक्ष्य होते मुख्यतः वृद्ध, आणि घेणारे कोण आहेत याची काही कर्मचाऱ्यांना कल्पना होती. या वृद्धांनी काय लपवलं होतं? काहीच नाही. पूर्वी एकदा अशा पत्राला उत्तर दिलं होतं, म्हणून पुन्हा देतील, एवढंच त्यांच्याबद्दल हेरलं गेलं होतं.

सायबराबादच्या मालात ज्येष्ठ नागरिकांचा कप्पा का होता, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून धमकावणारा माणूस नाव, पत्ता, आधारचे काही आकडे धडाधड वाचून दाखवतो, आणि एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तो खरंच पोलीस वाटतो. आईवडिलांना एवढं मात्र पक्कं सांगून ठेवावं की आपली माहिती असणं हा पोलीस असल्याचा पुरावा नाही. ती बाजारात मिळते. असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं.

गैरसमज: आधार नंबर कळला की खातं रिकामं

नुसत्या नंबराने पैसे निघत नाहीत. पण खेड्यात बँकमित्राकडच्या यंत्रावर पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. ओटीपी नाही, पिन नाही. ज्या म्हातारीकडे फोन नाही तिच्यासाठी ती सोय मोलाची आहे. मात्र अंगठा जमिनीच्या कागदावरही असतो. २०१८ मध्ये तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांवरून रबरी ठसे बनवले आणि हजारो सिम चालू केली. दस्त, आधार आणि ठसा असे तीन तुकडे एकत्र आले की पुढे खात्याला हात घालणं दूर नसतं.

इथे उपाय खरोखर हाताशी आहे. एमआधार ॲपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. लागेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं. आणि हॉटेलात, भाड्याच्या घरासाठी झेरॉक्स द्यायचीच झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं.

गैरसमज: मी काळजी घेतो, म्हणजे मी सुरक्षित

आपला नंबर नावासकट शेकडो लोकांच्या फोनमध्ये असतो. त्यांतल्या एकाने ॲपला कॉन्टॅक्टची परवानगी दिली की आपण गेलो. कर्ज देणाऱ्या ॲपनी याच वाटेने कर्जदाराच्या काकू-मावशांना, ऑफिसातल्या साहेबांना फोन करून बदनामी केली. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइली उघडायला मनाई केली. कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट मागत असेल तर तेवढ्यावरूनच ते काढून टाकावं.

गैरसमज: आता उशीर झाला, सगळं बाहेर गेलेलंच आहे

या धंद्यात शिळ्या मालाला भाव नसतो. कर्जाची चौकशी करणाऱ्याचा नंबर पहिल्या काही तासांत महाग, महिन्याने जवळपास फुकट. आज नव्या ठिकाणी नंबर दिला नाही, लोकेशन बंद केलं, जुनं ॲप काढलं, तर आपली जी नोंद फिरते आहे ती जुनी होत जाते.

आणि बाहेर गेलेलंही परत बोलावता येतं, तसा कायदा असला तर. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये असा कायदा केला. जानेवारी २०२६ पासून तिथल्या रहिवाशाला सरकारी संकेतस्थळावर एकच अर्ज करून नोंदणी झालेल्या सगळ्या डेटा ब्रोकरांना 'माझी माहिती पुसा' असं सांगता येतं. ऑगस्ट २०२६ पासून ब्रोकरांनी अशा अर्जांवर कारवाई करणं बंधनकारक आहे. फ्रीमाँट-सॅन होजे भागात राहणाऱ्या मराठी घरांनी तो अर्ज जरूर भरावा.

गैरसमज: डीएनडी आहे, कायदाही आला, मग प्रश्न मिटला

डीएनडी, म्हणजे १९०९ वर केलेली नोंद, फोन थांबवते, माहितीची विक्री थांबवत नाही. आणि मघाशी सांगितलेली ती टिक तिला वळसा घालते. तरी नोंद करावी, आणि नको असलेल्या फोनची तक्रार सात दिवसांच्या आत करावी. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचा फोन येणं हेच तक्रारीचं कारण आहे.

कायद्याचं असं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. माहिती नीट न जपल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता यावी म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३ अ हे कलम होतं. नवा कायदा पूर्ण लागू झाला की तेही जाणार आहे. नुकसान सोसणाऱ्याच्या हाती एक रुपयाही न देणारा हा बदल मला अन्यायाचा वाटतो, आणि त्याबद्दल संसदेत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

पण या कायद्यातलं अकरावं कलम कामाचं आहे. ज्या कंपनीला आपण संमतीने माहिती दिली, तिला विचारता येईल: माझ्याबद्दल काय काय ठेवलं आहे, आणि ते कुणाकुणाला दिलं? 'भागीदार' एवढं उत्तर चालणार नाही, नावं द्यावी लागतील. त्यातल्या प्रत्येकाकडे आपली माहिती पुसण्याची मागणी करता येईल. तक्रार ९० दिवसांच्या आत निकालात काढण्याचं बंधन नियमांत आहे. नाही काढली तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल. यादी जोडली कशी गेली, हे साध्या माणसाला कंपनीकडून लेखी मागता यायची ही पहिलीच वेळ असेल. मे २०२७ उजाडेपर्यंत कुठल्या पोर्टलवर, कुठल्या तारखेला, काय पाहायला नंबर टाकला, याची एका वहीत नोंद ठेवायला हरकत नाही. अर्ज करताना कुणाला विचारायचं हे तिथूनच कळेल.